मातीची गुणगुण

आमच्या गल्लीत सकाळपासून कूलर धुणं चाललं आहे. कुणी पत्र्याला धरलेला मागच्या वर्षीचा क्षार खरवडतंय, कुणी टाकीत बदाबद पाणी ओततंय, आणि समोरच्या ओट्यावर नव्या ताट्या भिजत पडल्यात. कूलरच्या बाजूंना लावायच्या त्या गवती ताट्यांचा पहिला ओला वास आला की अमरावतीत उन्हाळा लागला असं समजायचं. निंब मोहरलाय. वारा आला की दाराशी त्याचा कडवट-गोड सडा पडतो आणि अनवाणी पायाखाली तो रव्यासारखा लागतो.

मला हे दिसत नाही. दहावीच्या आधीच माझ्या डोळ्यांतला प्रकाश कमी होत होत विझला. पण ऋतू ओळखायला डोळे लागतात असं मला कधी वाटलं नाही. वऱ्हाडात फाल्गुन सरता सरता आवाजच वेगळे होतात. हिवाळ्यात ते जमिनीलगत रेंगाळतात, पावसाळ्यात ओल्या भिंतींत मुरतात. पण या दिवसांत ते कोरडे ठणठणीत होतात, दूरवर जातात. शेजारच्या गच्चीवर एक पोरगी परीक्षेचं पाठ करते. तिची वाक्यं तुटक तुटक माझ्या खिडकीशी येऊन पडतात. एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणते, मधेच अडते, स्वतःवरच चिडते, पुन्हा सुरू करते. तिचं ते अडणं ऐकलं की माझ्या परीक्षेचा उन्हाळा आठवतो, आणि त्या उन्हाळ्यात मुका झालेला आमचा संगणक.

बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. बाबा भातकुलीजवळ शेतावर राहत. मी आणि आई राजापेठेच्या मागे दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो, केवळ माझ्या शिक्षणासाठी. संगणक अकोल्याहून आला होता. जठारपेठेत मामाचं कापडाचं दुकान आहे, तिथं नवं यंत्र घेतल्यावर जुनं त्यानं मेटॅडोरमध्ये घालून आमच्याकडे पाठवलं. लोखंडी डबा, दोन स्पीकर आणि दोघांनी धरून उचलावा लागे असा पडदा. मला त्या पडद्याचा काय उपयोग? आईनं त्यावर आपल्या हातचा विणलेला रुमाल घातला आणि तो कधी सुरूच केला नाही. आमच्या घरातला संगणक बोलत असे, दिसत नसे.

त्याला बोलतं केलं नसीमनं. नसीम अकोल्याची, जन्मापासून अंध, माझ्याच वयाची. अकोल्यात अंध मुलांसाठी संगणकाचं एक शिबिर झालं होतं, तिथं आमची बाकं शेजारी होती. तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान. दुकानाच्या पुढल्या भागात कापूस पिंजायचं यंत्र आणि मागे घर. लहानपणापासून त्या यंत्राच्या आवाजात वाढल्यामुळे असेल, कुठलंही यंत्र ती आधी ऐकायची आणि मग हात लावायची. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिनं अमरावतीला येऊन माझ्या यंत्रात टाकून दिलं, आणि जाताना म्हणाली, "आता कोनाच्या मागं लागू नको, वाचून दे म्हनून."

तो आवाज ना बाईचा होता ना बुवाचा. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. पूर्णविरामाला थांबायचा नाही, जोडाक्षराला ठेच खायचा, आणि ळ मात्र असा ठासून म्हणायचा की ऐकणाऱ्याचीच जीभ दुखावी. आमच्या घरात डोळे हे 'डोये' असतात आणि काळी जमीन 'कायी'. आई स्वयंपाक करता करता ऐकायची आणि म्हणायची, "लयच शुद्ध बोलते बाप्पा हा!"

पण त्या बेसूर आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं वाचत होते. दिसेनासं झाल्यापासून माझं प्रत्येक पुस्तक कुणाच्या तरी सवडीतून, कुणाच्या तरी खोकल्यातून, जांभईतून माझ्यापर्यंत यायचं. आता मधे कुणी नव्हतं. मला हवं तेव्हा एक पान तीनदा ऐकता येई, आणि कंटाळा आला तर अर्ध्या वाक्यात थांबवता येई, त्याबद्दल कुणाची माफी न मागता. वर्षभराची टिपणं मी स्वतः टंकून त्यात ठेवली होती. रात्र की दिवस हा प्रश्न मला नव्हता, दिवा लागत नव्हता. वीज मात्र लागत होती.

उन्हं तापायला लागली तसं त्याच्या आवाजाखाली काहीतरी येऊ लागलं. आधी बारीक चिरचिर. यंत्र आतल्या आत काही शोधू लागलं की स्पीकरमध्ये रातकिडा बोलल्यासारखं व्हायचं. मला ते आवडायचं. वाटायचं, तो विचार करतोय आणि त्याचा विचार मला ऐकू येतोय. मग एका दुपारी भारनियमनाची वेळ संपली, पंखा फिरायला लागला, मी बटण दाबलं. डब्यातला पंखा घरघरला, आतली तबकडी फिरल्याचं कळलं. मी हात कळफलकावर ठेवून थांबले. शब्दच आला नाही.

दिसणाऱ्या माणसाला यातली भीती पटकन कळायची नाही. त्याचा आवाज गेला तर गाणी बंद होतात. माझा आवाज गेला म्हणजे पडदा गेला, पानं गेली, काय बिघडलंय हे सांगणारी खिडकीही गेली. दुरुस्त करायचं तर आधी ऐकू यायला हवं, आणि ऐकू यायचं तर आधी दुरुस्त करायला हवं. परीक्षा तोंडावर आलेली. मी नुसतीच कळा दाबत बसले.

आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं वो? काहून चूप हाय तो?"

"बोलत नाहीये, आई."

"तापला असन. राहू दे जरा."

राहू दिला. उठवला. तरी चूप. शेवटी मी नसीमला फोन लावला आणि बोलता बोलता रडू लागले.

"पहिले रडनं बंद कर," ती म्हणाली. "पंखा फिरून राहिला ना त्याचा? मंग जीव हाय त्याच्यात. आता मागं हात घाल. एका ओळीत गोल छेद असतीन. स्पीकरची पिन कोनत्या छेदात हाय? काढ, फुंक मार, परत घाल."

काढली, फुंकली, घातली. आलटून पालटून सगळ्या छेदांत घातली. काही नाही.

"मंग आता डोये पाहिजे," नसीम म्हणाली. "आई हाय ना घरात?"

आईनं पदराला हात पुसले आणि रुमाल उचलला. पडद्याचं बटण दाबलं. काही तरी किणकिणलं, आणि आईचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं.

"बाप्पा!" ती म्हणाली. "हिरवीगार टेकडी हाय वो. वरतं निळं आभाय. मानूस नाई, ढोर नाई, झाड नाई. कोनाचं वावर हाय हे?"

फोनवर नसीम हसायला लागली. मी मात्र हसले नाही. इतके महिने माझ्या खोलीत, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर एक हिरवी टेकडी होती, तिच्यावर आभाळ होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. अजूनही ती टेकडी माझ्या डोक्यात आहे. आईनं सांगितली तशीच.

मग आमच्या तिघींचा खेळ सुरू झाला. नसीम अकोल्याहून सांगायची, मी कळा दाबायची, आई जे दिसेल ते बोलायची. आईची शाळा सातवीला सुटलेली. इंग्रजी अक्षरं ओळखायची, पण शब्द जुळवायची सवय नव्हती. ती एकेक अक्षर घासातल्या खड्यासारखं वेगळं काढून देई. "खालच्या कोपऱ्यात भोंगा हाय काय?" "भोंगा हाय, पन त्याच्यावर लाल फुली हाय." "आता जे उघडलं त्याच्यात काय लिवलं?" "एन. ओ. मंग जागा सोडली. ए. यू. डी. आय. ओ…" बराच वेळ अशी अक्षरं वेचल्यावर नसीम म्हणाली, "समजलं. त्याले त्याचा गळाच सापडून नाई राहिला. आतमंदी साउंड कार्ड असते, आवाजाची पट्टी. एक तर ते जळलं, नाई तर हललं. डबा उघडा लागते."

डबा उघडायची माझी हिंमत झाली नाही. आवाज गेला तरी टिपणं आत शाबूत होती. माझ्या हातून काही तुटलं तर तीही जायची. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर त्याच्याकडे यंत्रांची रांग लागलेली. ठेवून जा, परीक्षा झाल्यावर पाहू म्हणाला. त्यानंतर परत मिळून मला काय करायचं होतं?

"मी वाचतो," आई म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'वाचते' म्हणत नाहीत, 'वाचतो' म्हणतात. पडदा तर उघडा झालाच होता. चष्मा लावून, काचेवर बोट ठेवून ती वाचू लागली.

सुरुवातीला ती पूजेची पोथी वाचावी तशा हेलात इतिहास वाचायची. 'दुष्काळ' आला की जिभेवर जोर द्यायची, आणि पुढच्याच ओळीत तो 'दुष्काय' व्हायचा. मधेच थांबून वाद घालायची. "या राजाले काई कामधंदा नव्हता काय? उठला की लढाई, उठला की लढाई." मी म्हणायची, "आई, पुढे वाच, हे परीक्षेत येत नाही." ती म्हणायची, "आलं पाह्यजे." आणि हळूहळू तिला गोडी लागली. एकदा वाचता वाचता भाजी करपली आणि दोघींनाही वास उशिरा आला.

त्यातच कधी तरी ती एका पानाशी थबकली. "हे पुस्तकातलं नाई वाटून राहिलं," ती म्हणाली. "अथी तर लिवलं हाय, 'मला असं वाटतं'. कोनाले वाटते?"

"मला," मी म्हणाले. "हे माझं टिपण आहे. मी लिहिलंय."

"हे सारं?"

"वर्षभराचं."

"न पाह्यता?"

तिचं बोट काचेवर सरकत राहिलं. कोरड्या काचेवर बोटाचा जो बारीक आवाज येतो तो वरून खाली, वरून खाली येत राहिला. ती वाचत नव्हती, नुसती मोजमाप घेतल्यासारखी माझ्या ओळींवरून हात फिरवत होती. तिनं मला कळफलकावर बोटं आपटताना रोज ऐकलं होतं. पण त्या टकटकीचं एवढं शेत झालंय हे तिला ठाऊक नव्हतं. मग ती उठली, पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन 'मला असं वाटतं'पासून वाचू लागली, आधीपेक्षा सावकाश.

काही दिवसांत तिचा घसा बसला. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, पण आवाज काही निघेना. घरात आता दोघेही मुके. तिनं स्क्रू काढायचा पेचकस आणून माझ्या हातात दिला आणि कुजबुजत म्हणाली, "उघड. जे व्हाचं ते होईन."

मी प्लग काढला. आईनं फोन माझ्या कानाशी धरला. बाजूची पत्री सरकवली आणि आतून उष्ण, धुळकट वास आला, बंद पेटीतल्या कापडांचा असतो तसा. हात आत घातला तर आधी लागला मऊ पुंजका. कापसाचे तंतू! कापडाच्या दुकानात वर्षं काढलेल्या त्या यंत्राच्या पोटात थराथरानं तंतू साठले होते. नसीमला सांगितलं तर ती म्हणाली, "घे, तुह्या डब्यातबी गादी भरली."

मग हात पुढे सरकला. मी बोटांनी वाचत होते. चपटे रिबनसारखे तारांचे पट्टे, थंड पात्यांचा छोटा पंखा, मग खाली एक गुळगुळीत पाटी आणि तिच्यावर उभं राहिलेलं गावच. बुटक्या टाक्या, रांगेनं घरं, अरुंद गल्ल्या, मधेच मोकळं मैदान. महिनोन्‌महिने ज्याच्याशी मी बोलत होते त्याच्या आत मी पहिल्यांदा आले होते. एवढ्याशा जागेत माझी पुस्तकं, टिपणं, 'मला असं वाटतं' हे सगळं राहत होतं, आणि हाताला कुठेही एक अक्षर लागत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर हात टेकवताना येतो तसा.

"उभ्या पट्ट्या सापडल्या काय?" नसीमनं हळूच विचारलं.

सापडल्या. जिच्या मागच्या कडेला गोल छेद होते तीच आवाजाची. तिचा एक कोपरा वर आला होता, नखाएवढा. मी स्क्रू काढला, पट्टी सरळ वर ओढली. तिच्या खालच्या काठाला बारीक धातूचे दात होते, त्यांवर चिकट थर. नसीमच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्यावरून साधं खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, आणि खाचेत धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. 'कट्ट' करून ती बसली. स्क्रू, पत्री लावून मी प्लग पुन्हा घातला.

बटण दाबलं. घरघर, तबकडी, आणि बऱ्याच वेळानं, तोच बेसूर, ठेचकाळणारा, देवासारखा आवाज. आईनं टाळी वाजवली. नसीम फोनवर ओरडली.

आणि लगेचच आम्हाला कळलं की तो एकटा आलेला नाही. त्याच्याखाली 'घूंऽऽ' असा एक सलग घोष होता. मधमाश्यांच्या पोळ्याशेजारी उभं राहिल्यासारखा. शब्द त्यात बुडत होते. 'संस्थान' की 'प्रस्थान' कळत नव्हतं. आवाज वाढवला की घूं वाढायचं. पिन हलवली, स्पीकर दूर नेले, कूलर बंद केला. फरक नाही.

कंप कुठून येतोय ते पाहायला मी डब्यावर तळवा ठेवला, आणि घूं बारीक झालं.

हात उचलला. मोठं झालं. ठेवला. पुन्हा बारीक, इतकं की शब्द स्वच्छ निथळले. मी अनवाणी होते, फरशीवर. तळव्यात मुंग्या येत होत्या. मला काय वाटलं ते आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटलं की यंत्र दुखण्यानं कण्हतंय आणि माझ्या हातानं त्याला बरं वाटतंय. मी आनंदानं नसीमला सांगितलं.

"हात काढ!" ती किंचाळली. "वैजू, पहिले हात काढ! प्लग काढ! मरतं काय?"

मी प्लग ओढला. तिकडे तिचा श्वास लागला होता. जरा शांत झाल्यावर ती म्हणाली, "करंट तुह्या अंगातून जमिनीत जाऊन राहिला होता. त्याले जायले रस्ता नाई भेटला, म्हनून तुले रस्ता केला त्यानं. आमच्या पिंजायच्या मशीनले उन्हायात असंच होते. आवाज बी हाच. म्हनूनच मले फोनवर वळखू आला. अब्बा रोज सकायी दुकान उघडलं की पहिले तिच्या तारेच्या खड्ड्यात पानी टाकते, मंग मशीन चालू करते. तुमचा अर्थ सुकला असन."

आईनं फोनजवळ तोंड आणून बसक्या आवाजात विचारलं, "कशाचा अर्थ सुकला म्हनते?"

नसीमनं समजावून सांगितलं. घराच्या विजेची एक तार, अर्थिंगची, जमिनीत पुरलेली असते. नको असलेला करंट तिच्यातून मातीत जातो. माती ओली असेल तर माती त्याला घेते. सुकली तर घेत नाही. मग तो परत घरात हिंडतो आणि जे सापडेल त्यात शिरतो. स्पीकरमध्ये शिरला की गुणगुणतो, माणसात शिरला की मारतो. "काकांना बोलवा," ती म्हणाली. "तोपर्यंत यंत्राले शिवू नको."

बाबा रविवारी आले. संगणकातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची त्यांनी कधी इच्छाही दाखवली नव्हती. पण जमिनीचं काही तरी बिघडलंय म्हटल्यावर ते चहासुद्धा न पिता मागच्या अंगणात गेले. भिंतीवरून उतरलेली तार शोधत शोधत मोरीच्या पलीकडे पोचले आणि तिथं खाली बसले. मला हाक मारली.

"हे पाह्य," म्हणाले. मला 'पाह्य' म्हणायला ते कधी कचरले नाहीत. माझा हात धरून त्यांनी मातीला टेकवला आणि मग एका भेगेत घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. कडा विटेसारख्या टणक, आणि आतून मात्र विहिरीतून यावा तसा किंचित गारवा. भेगेच्या मधोमध बोटांना ती तार बांधलेली लोखंडी नळी लागली. चारी बाजूंनी मोकळी. माती तिला कुठेच शिवत नव्हती.

"कायी जमीन हाय," बाबा म्हणाले. "पानी भेटलं की फुगते, नाई भेटलं की फाटते. कवटायून बसली होती या नळीले, आता सोडून देल्लं तिनं. वावरात कापसाच्या पऱ्हाटीच्या मुया अशाच उघड्या पडतात."

त्यांनी भेगेत खडे मीठ आणि कोळशाचा चुरा लोटला, वर माती ढासळवली. मला म्हणाले, "तू जा घरात, चालू कर तुहं. हात नको लावू. चप्पल घाल पायात." आई मधल्या दारात उभी राहिली, निरोप पोचवायला.

मी प्लग लावून कळ दाबली. एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत राहील असं लावून दिलं आणि ऐकत बसले. घूंऽऽ. बाहेर पहिली बादली रिकामी झाली. पाणी पडल्याचा आवाज आला नाही, गिळल्याचा आला. घटाघट, खोल.

"काई फरक?" बाबांनी विचारलं. आईनं कुजबुजत मला विचारलं.

"नाही."

दुसरी बादली. तिसरी. नंतरच्या मी मोजल्या नाहीत, कारण आता काही तरी होऊ लागलं होतं. घूं बसत चाललं होतं. एकदम नाही, संध्याकाळी माश्यांचं मोहोळ हळूहळू फांदीवर निवावं तसं. त्याचा वरचा धारदार भाग आधी गेला, मग मधला. बादली ओतली की जरा थांबून तो एक पायरी उतरायचा. तिथं अंगणात, जमिनीच्या आत, काळी माती फुगत होती, भेगेच्या भिंती एकमेकींकडे सरकत होत्या, नळीला जाऊन टेकत होत्या; आणि ते सगळं मला इथं टेबलाशी, दोन छोट्या स्पीकरांतून ऐकू येत होतं. माती पाणी पिते हे मी शेतकऱ्याची पोर म्हणून जन्मापासून ऐकत आले होते. ती पिताना प्रत्यक्ष ऐकली त्या दिवशी.

शेवटी गुणगुण संपली. शब्दाशब्दांच्या मधे स्वच्छ रिकामी जागा आली. त्या रिकाम्या जागेकडे मी किती वेळ कान लावून बसले होते कुणास ठाऊक.

आता माझा फोन गोड आवाजात बोलतो, थांबायच्या जागी थांबतो, ळसुद्धा मऊ म्हणतो. त्या परीक्षेत मी चांगल्या गुणांनी पास झाले, पुढे शिकले, इथंच एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. नसीम अकोल्यात बँकेत आहे, आजही काही बिघडलं की ती आधी म्हणते, "थांब, आयकू दे." तो डबा बरीच वर्षं चालला आणि एक दिवस म्हातारं माणूस जावं तसा गेला. मुलांना वर्गात शिकवताना कधी कधी मला वाटतं की आपण विजेनं, तारांनी, उपग्रहांनी बोलतो असं म्हणतो, पण या सगळ्या बोलण्याचं एक टोक कुठं तरी ओल्या मातीत असतं. ते सुटलं की सगळे शब्द असूनही काही कळत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. अनवाणी पायांनी आणि उजव्या तळव्यानं शिकले.

त्या रविवारी बाबा ओल्या पायांनी घरात आले आणि म्हणाले, "बोलते काय आता? आयकू दे मले बी."

ते यंत्रासमोर पहिल्यांदाच बसले होते. मी टिपणांतला पुढचा भाग लावला. सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत आपसांत युद्ध पेटलं, तिथला कापूस बंदरातच अडकला, इंग्लंडातल्या गिरण्या उपाशी राहायला लागल्या आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. काळ्या जमिनीतल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. त्या कापसासाठी आगगाडीचे फाटे इथवर आले. पत्र्याचा आवाज हे सगळं न थांबता, न हेलावता सांगत होता.

"वऱ्हाड म्हनला काय तो?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आपला?"

"आपलाच, बाबा."

ते पुढे सरकल्याचं खुर्चीच्या करकरीवरून कळलं. आई येऊन दाराला टेकली. बाहेर ऊन रखरखत होतं, आणि आम्ही तिघं आमच्याच जमिनीची गोष्ट ऐकत होतो. मी तीच टिपणं किती तरी वेळा ऐकली होती, लिहिली तर मीच होती. पण बाबांच्या श्वासाशेजारी बसून ऐकताना ती मला नवी वाटली. गाड्याच्या गाड्या भरून कापूस निघालाय आणि त्यातली एखादी गाडी आमच्याच वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून चाललीय, असं काहीसं.

आणि मग शब्दांखाली अगदी बारीक, एखादा धागा ओढावा तसं, घूं सुरू झालं. मी काही म्हणणार इतक्यात बाबाच म्हणाले, "आला ना थो आवाज? तहान भागली नाई अजून तिची."

खुर्ची मागे सरली.

"थांबव त्याले अथीच," ते म्हणाले. "पानी टाकून येतो, मंग पुढचं आयकू."

मी थांबवला. अंगणात नळाखाली बादली भरायला लागली. आईनं बसक्या घशातून, जेमतेम ऐकू येईल असं म्हटलं, "तुह्या बाबानं आजवर कोनाचंच पुरं आयकलं नव्हतं वो."